हॅकर नावाची करणी

(मालवण येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांनी उभं आयुष्य शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवलं. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर संगणकाविषयी बोला, असं आयोजकांनी सुचवलं तेव्हा यंत्रांपेक्षा माणसांच्या समजुतींविषयी बोलावं असं मी ठरवलं. समजूत चुकीची असली की तिची किंमत रोख मोजावी लागते, आणि सध्या ती आपल्या जिल्ह्यातली साधी माणसं मोजताहेत.

पैसे गेले की हल्ली एकच वाक्य ऐकू येतं. ‘माझा खाता हॅक झाला.’ निवृत्त शिक्षकाने वीज तोडली जाईल या भीतीने कुणाच्या तरी सांगण्यावरून फोनवर एक ॲप उतरवून घेतलं, त्या ॲपमधून समोरच्याला त्याची सगळी स्क्रीन दिसत होती, आणि खातं रिकामं झालं. याला हॅक म्हणतात. तारकर्लीकडच्या होमस्टेवाल्याला ‘लष्करातला अधिकारी बोलतोय, दहा जणांच्या खोल्या हव्यात, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असा फोन येतो. तो कोड स्कॅन करून पिन टाकतो आणि पैसे येण्याऐवजी जातात. हेही हॅकच. मुलीच्या इन्स्टाग्रामचा पासवर्ड तिची जन्मतारीख होती, तो वर्गातल्याच कुणी ओळखला. हॅक. परीक्षेचा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी सरकारी संकेतस्थळ बंद पडलं, तर तेही हॅकच झालं असणार.

या चार गोष्टींत साम्य एकच आहे. त्यांना हे नाव दिलं की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

आपल्या गावांत याची जुनी रीत आहे. म्हैस आटली, होडीचं इंजिन तिसऱ्यांदा बिघडलं, पोराचा ताप उतरेना, की कोणीतरी हळूच म्हणतं, ‘कोणीतरी करणी केल्यान.’ करणीचं बळ तिच्या उत्तरात होतं. करणारा अदृश्य, त्याची शक्ती अफाट, आपण असहाय. एकदा हे मान्य केलं की इंजिनात पाणी कुठून शिरतं हे बघायची गरज उरत नाही. ज्यांनी हयातभर हे सांगितलं, त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झाला आणि त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच दशकात घराघरांत स्मार्टफोन आले, आणि करणीची रिकामी झालेली जागा हॅकरला मिळाली. माझं आजचं सगळं म्हणणं एवढ्यापुरतंच आहे. यापुढे मी उदाहरणं देणार आहे, आणि बहुतेक आपल्या महाराष्ट्रातली.

हॅकरचं जे चित्र आपल्या डोक्यात आहे ते बाहेरून आलं. अंधारी खोली, डोक्यावर टोपी ओढलेला एकटा तरुण, पडद्यावर हिरवी अक्षरं. या चित्राचा बराचसा भाग अमेरिकी सिनेमाने घडवला. १९८३ साली ‘वॉरगेम्स’ नावाचा चित्रपट आला. त्यात एक शाळकरी मुलगा घरच्या संगणकावरून अमेरिकेच्या क्षेपणास्त्रयंत्रणेत शिरतो. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो पाहिला आणि सेनाप्रमुखांना विचारलं की असं खरंच घडू शकतं का. उत्तर आलं की परिस्थिती वाटते त्यापेक्षा वाईट आहे. पुढच्याच वर्षी अमेरिकेने संगणकसुरक्षेचा आदेश काढला. या गोष्टीतला रेगन यांचा प्रश्न मला आवडतो. त्यांनी त्या मुलाला पकडा असं सांगितलं नाही, आपलं दार उघडं आहे का हे विचारलं. आपण चित्र उचललं आणि प्रश्न तिथेच सोडला.

आता पुण्याला येऊ. एप्रिल २००५ मध्ये पुण्यातल्या एम्फसिस कंपनीच्या कॉल सेंटरमधल्या काही कर्मचाऱ्यांना अटक झाली. ते सिटीबँकेच्या अमेरिकी ग्राहकांचे फोन घेत. ग्राहकांकडून गोड बोलून त्यांनी पिन क्रमांक काढून घेतले होते आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यात उघडलेल्या खोट्या खात्यांत वळवले होते. त्या जागी मोबाइल न्यायला बंदी, कागद-पेन न्यायला बंदी. त्यांनी क्रमांक पाठ केले. देशभर गवगवा झाला, भारतीय कॉल सेंटरच्या भवितव्याची चर्चा झाली. पण या प्रकरणात कोणतीही संगणकयंत्रणा फोडली गेली नव्हती. एका माणसाने दुसऱ्यावर विश्वास ठेवून जे सांगू नये ते सांगितलं होतं, बस्स. आज वीस वर्षांनंतर ओटीपी मागणारा फोन हेच करतो. त्याला प्रोग्रॅमिंगचा एक धडाही यावा लागत नाही. झारखंडमधल्या जामताऱ्याचं नाव यासाठीच देशभर झालं. तिथली शाळा सोडलेली पोरं बँक अधिकाऱ्याच्या आवाजात बोलायला शिकली होती.

मग खरा हल्ला कसा असतो? तो आपल्याला कॉसमॉस बँकेने दाखवला, आणि इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण या घटनेविषयी सगळ्यांना आकडा आठवतो, घडलं काय ते फार थोड्यांना माहीत आहे.

कॉसमॉस ही पुण्याची १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. दुपारनंतर अवघ्या काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून व्हिसा कार्डांवर सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, आणि देशात रुपे कार्डांवर आणखी अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-व्यवहारांच्या यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र कार्डाच्या जाळ्यामार्फत आपल्या बँकेला विचारतं, याला इतके पैसे देऊ का? तो प्रश्न बँकेच्या एका संगणकाकडे येतो, त्याला स्विच म्हणतात. स्विच मुख्य यंत्रणेत पाहतो, खात्यात शिल्लक आहे का, पिन बरोबर आहे का, आणि मग हो किंवा नाही कळवतो. हल्लेखोरांनी मधल्या रस्त्यावर स्वतःचा खोटा स्विच बसवला. बाहेरून आलेले प्रश्न मुख्य यंत्रणेपर्यंत पोचलेच नाहीत. खोटा स्विच प्रत्येकाला ‘हो’ म्हणत राहिला. त्यामुळे ग्राहकांच्या खात्यांतून एक रुपयाही वजा झाला नाही. गेला तो बँकेचा पैसा. बनावट कार्डं हातात घेतलेली माणसं देशोदेशी यंत्रांसमोर उभी होती, तशी आपल्या कोल्हापुरातही होती.

या कथेत अद्भुत वाटावं असं खूप आहे, आणि तपासानंतर बोट दाखवलं गेलं तेही लहानसहान नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०१९ च्या अहवालात हा हल्ला उत्तर कोरियाच्या खात्यावर मांडला. म्हणजे करणी करणारा खरोखर होता आणि बलाढ्य होता! तरीही मला दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात.

पहिली म्हणजे हल्ल्याच्या आदल्या दिवशी, १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना गोपनीय इशारा दिला होता की एखाद्या बँकेची यंत्रणा ताब्यात घेऊन जगभरच्या एटीएममधून एकाच वेळी रोकड काढण्याचा कट शिजतो आहे. म्हणजे ही पद्धत अज्ञात नव्हती. अशा हल्ल्याला थांबवणारे उपायही जादूचे नाहीत. एका बँकेच्या कार्डांवर एकाच दुपारी दोन डझन देशांत हजारो व्यवहार होऊ लागले तर आपोआप थांबवणारी मर्यादा असावी. शनिवार-रविवारीही कोणीतरी पडद्यासमोर बसलेलं असावं. स्विचचं आणि मुख्य यंत्रणेचं गणित रात्री नाही, दर काही मिनिटांनी जुळवलं जावं. हे कंटाळवाणं काम आहे. त्यावर सिनेमा निघत नाही.

दुसरी गोष्ट शिक्षेची. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं. त्यांच्यात उत्तर कोरियाचा कोणी नव्हता. बनावट कार्डं घेऊन एटीएममधून नोटा काढणारे आणि त्यांना गोळा करणारे आपल्याकडचे लोक होते. ज्यांनी खोटा स्विच लिहिला ते कुठेतरी सुखरूप आहेत, आणि कमिशनच्या आशेने यंत्रासमोर उभा राहिलेला माणूस तुरुंगात गेला. मालवण, कुडाळ, सावंतवाडीच्या कॉलेजांतल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो. ‘तुझं खातं महिनाभर वापरायला दे, दहा हजार देतो’ असं विचारणारा आज प्रत्येक शहरात आहे. त्या खात्यातून कुणाच्या तरी आजीचे पैसे फिरतात. पोलीस पहिल्यांदा खातेदाराकडे येतात, आणि त्यांनी यायलाच हवं.

जिथे हॅकर होता तिथली ही गोष्ट. आता जिथे तो होता की नव्हता हेच ठरलं नाही, ती. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवारची सकाळ. मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. या सभागृहात असं घर क्वचितच असेल की ज्यातलं कोणी त्या वेळी मुंबईत नव्हतं. पुढे १ मार्च २०२१ रोजी राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता बोलून दाखवली. त्याच सुमारास एका अमेरिकी कंपनीने चिनी गटांनी भारतीय वीजयंत्रणेत शिरकाव केल्याचा अहवाल दिला होता. दुसऱ्याच दिवशी तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले की वीज गेली ती मानवी चुकीमुळे. आज लोकांना काय आठवतं ते विचारून पाहा. ‘चीनने मुंबई बंद पाडली होती ना?’ मानवी चुकीची बातमी कोणाच्या लक्षात राहत नाही. वाहिन्यांची देखभाल वेळेवर झाली होती का, मुंबईला अशा वेळी वेगळं करून वाचवणारी व्यवस्था का चालली नाही, हे प्रश्न मागे पडतात. यंत्रणा चालवणाऱ्यांसाठी हॅकर ही फार सोयीची व्यक्ती आहे, असं मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

देखभालीचंच आणखी एक उदाहरण. याच कोकण किनाऱ्याच्या वरच्या टोकाला, न्हावा-शेव्याला, २०१७ च्या जूनमध्ये मर्स्क कंपनीचं कंटेनर टर्मिनल ठप्प झालं होतं. त्याला कारण झालेला नॉटपेट्या नावाचा प्रोग्रॅम युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून पसरला होता. त्याने वापरलेल्या विंडोजमधल्या एका फटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. जगभरच्या असंख्य संगणकांवर ती कोणी चढवलीच नव्हती.

त्याआधी दीड महिना, १२ मे रोजी, वॉनाक्राय या दुसऱ्या प्रोग्रॅमने जग हादरवलं होतं. ब्रिटनमधल्या रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. त्याला रोखणारा तरुण २२ वर्षांचा मार्कस हचिन्स. इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या इल्फ्राकूम या लहानशा पर्यटनाच्या गावी आईवडिलांच्या घरी राहणारा, लाटांवर सर्फिंग करणारा. प्रोग्रॅमची चिरफाड करताना त्याला दिसलं की पसरण्यापूर्वी तो एका अर्थहीन नावाच्या संकेतस्थळाला हाक मारतो. ते नाव कोणाच्याच मालकीचं नव्हतं. हचिन्सने दहा-अकरा डॉलर भरून ते नोंदवलं, आणि प्रसार थांबला. वर्तमानपत्रांनी त्याला देवत्व दिलं. ऑगस्टमध्ये एफबीआयने त्याला लास वेगासमध्ये पकडलं, कारण किशोरवयात त्याने बँकखाती लुटणारा एक प्रोग्रॅम लिहिला होता. लगेच तो राक्षस झाला. २०१९ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, आणि न्यायाधीशांनी त्याचं नंतरचं काम लक्षात घेऊन भोगलेली कोठडी पुरेशी मानली. मला त्या न्यायाधीशांचा हेवा वाटतो. एकाच माणसाची दोन्ही कामं त्यांनी समोर ठेवली आणि दोन्हींचा हिशेब केला.

आपल्याकडे असे हिशेब करणारे कुठे आहेत? ज्यांचा हिशेब करावा अशी मुलं मात्र आहेत. सोलापूरचा मयूर फरताडे, तेव्हा अभियांत्रिकीचा विद्यार्थी. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याला इन्स्टाग्राममध्ये एक फट सापडली. एखाद्याने खातं खासगी ठेवलं असलं तरी त्याच्या पोस्ट आणि स्टोरी त्याला न विचारता बघता येत होत्या. मयूरने ते कंपनीला कळवलं. जूनमध्ये फट बुजली आणि कंपनीने त्याला ३० हजार डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे २२ लाख रुपये, बक्षीस दिले. या सभागृहातल्या मुलींचे फोटो त्यामुळे थोडे अधिक सुरक्षित झाले. आपल्या मनातल्या व्याख्येप्रमाणे मयूरही हॅकरच. त्याने जे केलं ते करायला तीच नजर लागते जी चोराला लागते. दोघेही दाराची कडी हलवून बघतात. नंतर ते कोणाला सांगतात यात सगळा फरक आहे.

अशीच फट त्याला एखाद्या पतसंस्थेच्या किंवा सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळात सापडली असती तर? २०१० साली हैदराबादचे अभियंते हरिप्रसाद आणि त्यांच्या दोन परदेशी सहकाऱ्यांनी एका मतदानयंत्राचा अभ्यास करून त्यातल्या त्रुटी जाहीर केल्या. यंत्र मुंबईच्या सरकारी ताब्यातलं होतं. ते कोणी दिलं हे सांगायला हरिप्रसाद यांनी नकार दिला. ऑगस्टमध्ये यंत्रचोरीच्या आरोपाखाली त्यांना हैदराबादहून मुंबईला आणलं, आठवडाभराने जामीन मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनने त्यांना पुरस्कार दिला. प्रत्यक्ष निवडणुकीत यंत्रांभोवती असलेली सुरक्षाव्यवस्था त्यांना अभेद्य ठेवते, ही निवडणूक आयोगाची भूमिका होती आणि आहे. त्या वादात मी इथे शिरत नाही. यंत्र बाहेर कसं गेलं याचा तपास व्हायलाच हवा होता. पण त्रुटी दाखवणाऱ्याला कोठडीत ठेवलेलं बघून पुढच्या दहा जणांनी तोंड मिटलं असेल, याबद्दल मला शंका नाही. आणि जो चोर आहे तो तसाही कोणाला कळवत नव्हता.

आपला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यातल्या कलम ६६ चा मथळाच आधी हॅकिंग असा होता. २००८ च्या दुरुस्तीने तो गेला. आता कायदा विचारतो की मालकाच्या परवानगीशिवाय केलंत का, आणि अप्रामाणिक किंवा लबाडीच्या हेतूने केलंत का. तसं असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हेतूचा विचार कायद्यात आहे, हे चांगलं. पण चांगल्या हेतूने त्रुटी शोधून कळवणाऱ्याला स्पष्ट संरक्षण देणारं कलम त्यात नाही. अठरा वर्षांच्या मुलाला आपला हेतू न्यायालयात सिद्ध करायला लावणं, हे मला मान्य नाही. असं कलम येईपर्यंत मुलांना मी एवढंच सांगतो की परवानगीशिवाय कोणाच्या यंत्रणेला हात लावू नका. ज्या कंपन्यांनी जाहीर आमंत्रण दिलं आहे त्यांच्याच यंत्रणांवर शिका. आणि कुठे योगायोगाने काही दिसलंच तर केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेला कळवा. त्यासाठीच तिथे पद्धत ठरवलेली आहे.

आता शेवटी, ज्यांचे पैसे जातात त्यांच्याविषयी. करणीच्या समजुतीने सर्वांत मोठं नुकसान यांचं होतं. ‘हॅकरने नेले, आता कसले मिळतायत’ असं म्हणून माणूस गप्प बसतो. कधी लाजेने, कधी घरच्यांच्या भीतीने. व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस ‘डिजिटल अटक’ केल्याचं सांगून दोन-दोन दिवस माणसाला खुर्चीत बसवून ठेवतो, आणि सुटका झाल्यावरही तो कोणाला सांगत नाही. अशी अटक आपल्या कायद्यात नाही. हे पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून सांगावं लागलं.

गेलेला पैसा लगेच नाहीसा होत नाही. तो एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात जातो, मग रोख निघते. १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन केला तर मधल्या एखाद्या खात्यात तो गोठवता येतो. इथे मिनिटं मोलाची आहेत. आणि बँकेत जाऊन तोंडी सांगू नका, लेखी तक्रार द्या, पोच घ्या. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये व्यापारी बँकांना आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये सहकारी बँकांना बजावलं आहे की दोष ग्राहकाचाही नसेल आणि बँकेचाही नसेल, तिसरीकडेच कुठे असेल, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याला एक पैशाचीही झळ लागता कामा नये. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे. तुम्ही स्वतः ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून नेमकं काय झालं हे सांगता आलं पाहिजे. ‘हॅक झालं’ एवढंच अर्जात लिहिलंत तर तुम्ही स्वतःची बाजू स्वतःच पुसून टाकता. कोणता फोन आला, कोणती लिंक दाबली, किती वाजता, संदेश कोणता आला, हे लिहा. ओटीपी दिला असेल तर तेही लिहा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुण्यातल्या त्या कॉल सेंटरला पिन सांगणारे अमेरिकी ग्राहकही शिकलेलेच होते.

माझी एक मागणी आहे, आणि ती इथे बसलेल्या संचालकांकडे, नगरसेवकांकडे, प्राचार्यांकडे आहे. जगभर एक साधा प्रघात रूढ होतो आहे. संकेतस्थळाच्या ठरलेल्या जागी एक छोटी मजकुराची फाइल ठेवायची. तिच्यात लिहायचं की आमच्या यंत्रणेत कुणाला दोष आढळला तर या पत्त्यावर कळवा, आम्ही अमुक दिवसांत उत्तर देऊ, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर कारवाई करणार नाही. २०२२ मध्ये तिचा नमुना प्रसिद्ध झाला. त्याला निविदा लागत नाही, पाच-दहा ओळी लागतात. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक सहकारी बँकेने, पतसंस्थेने, नगरपालिकेने आणि कॉलेजने ती लावावी, आणि त्या पत्त्यावर आलेलं पत्र वाचणारा एक माणूस नावानिशी नेमावा. पहिलं पत्र बहुधा तुमच्याच कुठल्यातरी विद्यार्थ्याचं असेल. त्याला पोलिसांत द्यायच्या आधी चहाला बोलवा, आणि त्याने काय पाहिलं ते दाखवायला सांगा.